पुसल्या जाणाऱ्या रेषेचा वारस

अंगावरची नक्षी आठवडाभरात विटते, भिंतीवरची पहिल्या पावसाळ्यात धुऊन जाते. हे ठाऊक असूनही नायजेरियातील इग्बो स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या ती काढीत आल्या. या कलेस ‘उली’ म्हणतात. अंगावर एका झाडाच्या फळांचा रस आणि भिंतीवर मातीचे रंग वापरावयाचे. मोजक्या वळणदार रेषा व त्यांच्याभोवती राखलेली मोकळी जागा हेच तिचे सौंदर्य होय. विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र ख्रिस्ती धर्मप्रसार आणि बदलती राहणी यांमुळे ती मागे पडली.

ही रेषा ज्यांनी कागदावर आणली, त्यांपैकी एक म्हणजे चित्रकार व कवी ओबिओरा उदेचुक्वू. त्यांचा जन्म १९४६ सालचा, नायजर नदीकाठच्या ओनित्शा गावचा. उत्तरेकडील झारियाच्या विद्यापीठात ते कला शिकू लागले. परंतु १९६६ मध्ये तिकडे इग्बो लोकांच्या कत्तली झाल्या आणि त्यांना पूर्वेकडे परतावे लागले. पुढे १९६७ ते १९७० या काळात बियाफ्राचे युद्ध पेटले. त्या युद्धातील उपासमार व निर्वासितांची दैना त्यांच्या रेखाटनांत उतरली.

युद्धानंतर न्सुक्का विद्यापीठात त्यांना उचे ओकेके हे गुरू लाभले. परंपरेतील व परकीय कलेतील उत्तम तेवढे निवडून त्यांचा मेळ घालावा, असा विचार ओकेके यांनी १९६० मध्येच मांडला होता. उदेचुक्वू १९७२ मध्ये पदवीधर झाले आणि पुढे तेथेच अध्यापन करू लागले. थोड्या रेषांत पुष्कळ सांगावयाचे, ही उलीची शिस्त त्यांनी अंगी बाणविली. त्यांच्या १९९३ च्या ‘आमचा प्रवास’ या चार पटांच्या चित्रात पिवळी वाट वळणे घेत जाते; ती एका समाजाची वाटचालच होय.

१९९० मध्ये त्यांचा इंग्रजी काव्यसंग्रह निघाला. ‘वेडा काय म्हणाला’ अशा अर्थाचे त्याचे नाव. लष्करी राजवटीत शहाण्याने जे बोलू नये, ते बोलण्याची मुभा वेड्यालाच असते, हे त्या नावावरून सहज उमगते. १९९७ मध्ये त्यांनी न्सुक्का सोडले व ते अमेरिकेत अध्यापन करू लागले. त्याच वर्षी वॉशिंग्टन येथे न्सुक्काच्या सात कलावंतांचे प्रदर्शन भरले.

संग्रहालयातील चित्राखाली चित्रकाराचे नाव असते. त्या रेषेला प्रथम वळण देणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र बहुधा कोठेच नोंदलेली नाहीत. त्यांचा रस विटला, भिंती धुऊन गेल्या. शिष्याच्या हातून ती रेषा टिकली, हे खरे. परंतु ऋणाची जाणीव ठेवून तिच्याकडे पाहणे, हे आता पाहणाऱ्याचे काम आहे.