गिटारच्या दांडीचा जोड

गिटारच्या दांडीचा जोड म्हणजे गिटारची दांडी आणि तिचा पोकळ देह जेथे एकत्र येतात तो सांधा होय. तारांचा ताण दांडीला सतत पुढे ओढत असतो आणि हा ताण प्रामुख्याने याच सांध्यावर येतो. तारांची पडद्यांपासूनची उंची, वाद्याचे आयुष्य आणि पुढील दुरुस्तीची सोय या तिन्ही गोष्टी जोडाच्या निवडीवर अवलंबून असतात. नायलॉनच्या तारांच्या, म्हणजे अभिजात गिटारमध्ये हा जोड सामान्यतः बाराव्या पडद्यापाशी येतो.

ताण आणि कोन

नायलॉनच्या सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ४० किलोग्रॅम असतो. पोलादी तारांच्या गिटारमध्ये तो ७० किलोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. त्यामुळे नायलॉनच्या गिटारला तुलनेने हलका जोड चालतो. मात्र दांडीच्या कोनातील अचूकता तेवढीच आवश्यक असते.

अभिजात गिटारच्या मोकळ्या तारेची प्रचलित लांबी ६५० मिमी आहे. बारावा पडदा तिच्या बरोबर मध्यावर, ३२५ मिमीवर येतो. कालांतराने जोड ढिला होऊन दांडीचे वरचे टोक १ मिमी पुढे आले, तर बाराव्या पडद्यापाशी तार सुमारे अर्धा मिमी वर उचलली जाते. येथे तारेची नेहमीची उंची ३ ते ४ मिमी असल्याने हा फरक वादकाच्या बोटांना लगेच जाणवतो. तो भरून काढण्यासाठी घोडीवरील पट्टी १ मिमी घासावी लागते. पट्टी घासण्यास थोडाच वाव असतो. तो संपला की दांडीचा कोनच सुधारावा लागतो.

जोडाचे प्रकार

*स्पॅनिश टाच* : दांडीची टाच आणि देहाच्या आतील ठोकळा येथे एकसंध असतात. टाचेच्या दोन्ही बाजूंस करवतीने खाचा पाडून त्यांत देहाच्या वाकवलेल्या बाजूपट्ट्या बसवतात. प्रथम तबली दांडीला चिकटवली जाते, मग बाजूपट्ट्या बसतात आणि शेवटी पाठ लावून देह बंद करतात. सर्व काम एका सपाट फळीवर तबली खाली ठेवून होत असल्याने दांडीचा कोन त्या फळीवरच ठरतो. आधुनिक गिटारची घडण रूढ करणारे स्पेनमधील कारागीर आंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) यांच्या परंपरेत हीच पद्धत चालत आली आहे. हिचा दोष असा की, दांडी पुढे सुटी करता येत नाही. कोन बिघडल्यास टाचेजवळची पाठ सोडवावी लागते किंवा पडद्यांची पट्टी काढून निमुळती करावी लागते.

*डव्हटेल* : दांडी आणि देह स्वतंत्र तयार करून पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे कुसू तशाच खाचेत सरसाने बसवतात. पोलादी तारांच्या गिटारमध्ये हा जोड विशेष आढळतो. वाफेने सरस मऊ करून दांडी काढता येते. मात्र सर्व पृष्ठभाग एकाच वेळी जुळावे लागत असल्याने जोड बसवण्यास हातसफाई लागते.

*बोल्टचा जोड* : सरळ कुसू खाचेत बसवून आतील बाजूने बोल्ट आवळतात. कोन सुधारणे यात सर्वांत सोपे असते. तबलीवर आलेला पडद्यांच्या पट्टीचा भाग चिकटवलेला असल्यास तेवढा ऊब देऊन सोडवावा लागतो. सुटी होणारी दांडी ही कल्पना मात्र नवी नाही. व्हिएन्नाचे योहान गेओर्ग श्टाउफर (१७७८–१८५३) यांनी किल्लीने कोन बदलता येईल अशा दांडीच्या गिटार बनवल्या होत्या.

मिरजेच्या तंतुवाद्यांतील जोड

महाराष्ट्रात तंतुवाद्य निर्मितीची मोठी परंपरा सांगली जिल्ह्यातील मिरज येथे आहे. एकोणिसाव्या शतकात शिकलगार कुटुंबांनी शस्त्रांना धार लावण्याच्या व्यवसायातून या कलेत प्रवेश केला. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

या वाद्यांचा देह भोपळ्याचा असतो. भोपळ्याचे कवच पातळ असल्याने त्यात दांडीचे कुसू धरून राहत नाही. म्हणून भोपळ्याच्या तोंडाशी लाकडी ‘गळा’ बसवून त्याला दांडी जोडतात. प्रत्येक भोपळ्याचा आकार निराळा असल्याने गळा त्या त्या भोपळ्याच्या मापानेच घडवावा लागतो. स्पॅनिश टाचेप्रमाणेच येथेही दांडी सहज सुटी होत नाही. प्रवासात आघात झाल्यास गळ्याचा सांधा उघडण्याचा धोका असतो.

निवडीचे निकष

एकच वाद्य हाताने घडवणाऱ्यास स्पॅनिश टाच सोयीची ठरते, कारण करवत, पटाशी आणि रंधा एवढ्या साध्या हत्यारांनी ती साधते व वेगळा सांधा जुळवावा लागत नाही. परंतु घडवताना कोन चुकला तर तो नंतर सुधारणे अवघड असते. प्रथमच वाद्य बनवणाऱ्यास म्हणूनच बोल्टचा जोड अधिक क्षमाशील ठरतो. कारखान्यात देह आणि दांड्या स्वतंत्रपणे तयार होत असल्याने तेथेही वेगळ्या दांडीचे जोड सोयीचे असतात.

हवामानाचाही विचार करावा लागतो. खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि पावसाळ्यात हवा दमट होते. कोरडेपणाने लाकूड आकसते, ओलाव्याने फुगते. उन्हात उभ्या मोटारीत वाद्य राहिल्यास चिकटवलेले सांधे मऊ पडून सरकू शकतात. अशा प्रदेशात दुरुस्त करता येणाऱ्या जोडाचे महत्त्व वाढते.

स्पॅनिश टाचेमुळे नाद अधिक चांगला येतो, असे अनेक कारागीर मानतात. परंतु दोन गिटारांमध्ये तबलीचे लाकूड, तिची जाडी आणि दांडीचे वजन यांतही फरक असतो. त्यामुळे नादातील भेदाचे श्रेय केवळ जोडाला देणे कठीण आहे. जोड कोणताही असला, तरी लाकडाला लाकूड पूर्ण टेकणे आणि दांडी देहाच्या मध्यरेषेत असणे, या दोन अटी सर्वच प्रकारांना समान लागू होतात.