मृदू कणांची जकात

विषय वाचून आमची भाचेमंडळी म्हणतील, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मास्तरांना पदार्थविज्ञानाची उठाठेव कशाला? पण इतिहास कशाचाही असो, तो गोष्टीसारखा वाचता येतो. आणि ही गोष्ट मला उमगली ती आमच्या वैशाखऱ्याच्या डोक्यावरच्या नाणेघाटामुळे.

सातवाहनांच्या काळात कोकणातला माल याच घाटाने जुन्नरला चढे. वर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरेने सांगतात. जकातदार विचारणार काय? माल किती आला, किती गेला, बस्स. बाजारात घासाघीस झाली की भांडण, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

आता कणांकडे वळू. विजेचा भार असलेले कण आदळून दिशा बदलतात तेव्हा थोडा प्रकाश बाहेर पडतो. प्रकाशकणाची ऊर्जा जितकी कमी, तितकी तो सुटण्याची शक्यता जास्त. ऊर्जा शून्याकडे नेली की गणितात चक्क अनंत येते! अशा अगदी दुबळ्या कणाला शास्त्रज्ञ ‘सॉफ्ट’ म्हणतात, आपण मृदू म्हणू. 1937 साली ब्लॉख आणि नॉर्डसिक यांनी दाखवले, की असे असंख्य मृदू कण प्रत्येक टकरीत सुटतातच; त्यांना हिशेबात धरले की ते अनंत नाहीसे होते.

पुढे कळले, की मृदू कण सुटण्याचा मुख्य भाग ठरवायला टकरीच्या पोटात काय घडले ते ठाऊक असावे लागत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या कणांचे भार आणि संवेग पुरतात. म्हणजे आमचा जकातदारच की! 1958 मध्ये फ्रान्सिस लो यांनी हा नियम आणखी एक पायरी पुढे नेला. 1964 मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग यांनी तो गुरुत्वाच्या कणांना, म्हणजे ग्रॅव्हिटॉनना, लावला. निघाले काय? प्रकाशकणांचा हिशेब जुळायचा तर एकूण विद्युतभार कायम राहिलाच पाहिजे, आणि ग्रॅव्हिटॉनचा जुळायचा तर गुरुत्वाने सर्वांना एकाच मापाने ओढले पाहिजे. सर्वांत दुबळ्या कणाच्या तोंडून एवढा मोठा कायदा!

यात आपल्याकडचेही धागे आहेत. अशोक सेन 1988 ते 1995 मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पुढे अलाहाबादला असताना, 2017 मध्ये, त्यांनी स्ट्रिंग सिद्धान्तातही मृदू ग्रॅव्हिटॉनचा नियम सिद्ध केला. 2018 मध्ये चेन्नईचे आलोक लड्ढा आणि सेन यांनी त्याच नियमावरून खऱ्याखुऱ्या गुरुत्वीय लहरींचे गणित मांडले.

लहरींचा संबंध असा. लहर निघून गेल्यावर मोकळ्या तरंगणाऱ्या दोन वस्तूंमधले अंतर अगदी पूर्वीइतके होत नाही, किंचित फरक उरतो. झेल्दोविच आणि पोल्नारेव्ह यांनी 1974 साली हे सांगितले. त्याला ‘स्मृती’ म्हणतात. ही स्मृती आणि वाइनबर्ग यांचा नियम मुळात एकच, हे 2014 मध्ये स्ट्रॉमिंजर आणि झिबोयेदोव्ह यांनी दाखवले. मधली चाळीस वर्षे दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दप्तरांत पडून होत्या.

मला यातून इतिहासाच्या मास्तरांचे दुखणे आठवते. मुलांना आम्ही लढाया पाठ करून घेतल्या. पण नाणेघाटाच्या लेण्यात नागनिका राणीचा जो लेख आहे, त्यात यज्ञ आणि दक्षिणेचे आकडे आहेत: किती गाई, किती नाणी. त्या काळाची पुष्कळशी माहिती अशा नोंदीतूनच मिळते. राणीच्या मनात काय होते, ते नोंद सांगत नाही. मृदू कणही टकरीच्या पोटातले सांगत नाही. जेवढे सांगतो तेवढे मात्र पक्के.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्राने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचे यंत्र. एकेका टकरीची ती स्मृती फार पुसट, टिपायला कठीण. पण मराठवाड्यातली पोरे उद्या ती शोधायला बसली, तर आपण काय शोधतोय हे त्यांना मराठीतही सांगता यावे. म्हणून ही उठाठेव. असो.