शिजवलेलं धान्य आणि भिजवलेलं फूल

जवाहरनगरच्या आसपास मोहफूल वेगळं दाखवावं लागत नाही. धान्याची दारू करायची तर आधी पीठ शिजवावं लागतं; मग ती लापशी ३० अंशांच्या आसपास निववावी लागते. गरम राहिली तर यीस्ट मरतं, रेंगाळली तर आंबते. म्हणून नळ्या, पंप, भांडवल. मोहफुलात साखर मुळातच असते. भिजवलं की सडवा तयार होतो. निववायची फक्त वाफ; तिला वरचं गार पाण्याचं भांडं पुरतं. अशी भांडी घरोघरी, ती किती जप्त करणार? म्हणून मुंबई इलाख्यात १८९२च्या कायद्याने फुलावरच बंधन घातलं. साधन साधं होतं, म्हणून फूल वेचणारी बाई संशयित ठरली.