डिजिटल स्वाक्षरी : कल्पनेपासून कायद्यापर्यंत

कागदावरील स्वाक्षरी किंवा मुद्रा दोन प्रश्नांची उत्तरे देते : मजकूर कोणाचा आहे, आणि तो नंतर कोणी बदलला तर नाही? शिवकालीन पत्रांच्या अखेरीस मर्यादेची मुद्रा उमटवत, ती त्याखाली कोणी मजकूर वाढवू नये म्हणूनच. संगणकावर मात्र स्वाक्षरीचे चित्र एका संदेशावरून उचलून दुसऱ्यावर सहज चिकटवता येते. म्हणून येथे स्वाक्षरी प्रत्येक संदेशागणिक वेगळी असणे आवश्यक ठरले.

असा मार्ग १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी सुचवला. प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असावी. एक खासगी, दुसरी सार्वजनिक. खासगी किल्लीने केलेली स्वाक्षरी सार्वजनिक किल्लीने कोणालाही तपासता यावी, पण बनवता येऊ नये. त्याची व्यवहार्य रीत १९७७ मध्ये एमआयटीतील रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी शोधली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘आरएसए’ म्हणतात. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणे अतिशय अवघड, यावर तिची सुरक्षितता अवलंबून आहे.

व्यवहारात प्रथम ‘हॅश’ पद्धतीने संदेशाचा ठरावीक लांबीचा सारांक काढतात आणि त्यावर खासगी किल्लीने स्वाक्षरी करतात. संदेशातील एक स्वल्पविराम बदलला तरी सारांक बदलतो व पडताळणी अयशस्वी होते. मात्र स्वाक्षरीने संदेश गुप्त होत नाही. त्यासाठी स्वतंत्र कूटलेखन करावे लागते.

एक प्रश्न केवळ गणिताने सुटणारा नव्हता : सार्वजनिक किल्ली त्याच व्यक्तीची आहे, हे कशावरून? लॉरेन कोनफेल्डर यांनी १९७८ मध्ये एमआयटीतील पदवी प्रबंधात प्रमाणपत्राची कल्पना मांडली. विश्वासू संस्थेने नाव आणि किल्ली यांची सांगड स्वतःच्या स्वाक्षरीने प्रमाणित करावी, अशी ती कल्पना होती.

भारतात १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियम लागू झाला. त्याने डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली आणि प्रमाणन संस्थांना परवाने देण्यासाठी नियंत्रकाची तरतूद केली. खासगी किल्ली आपल्याच ताब्यात राहील याची वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी कलम ४२ ने प्रमाणपत्रधारकावर टाकली. याचे कारण उघड आहे. सोयीसाठी किल्ली व तिचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती दिला, तर त्याने केलेली स्वाक्षरीही पडताळणीत खरीच ठरते. ती किल्ली कोणी वापरली, हे गणित सांगू शकत नाही.