पिंप, झडप आणि मालवणी

घरी बिअर करणाऱ्यांचा पहिला धडा: पिंपात गॅस साठतो, म्हणून झडप आणि रबरी वॉशर दर वेळी धुवून तपासायचे. झडप तुंबली की पिंप फुटतं.

आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय घरी बिअर करणंही गुन्हाच. पण पिणं थांबलं नाही, ते हातभट्टीच्या आडोशाला गेलं. पुढे परमिट रूम आल्या, आज अंधेरीत ताज्या बिअरचे पबही आहेत. परवडतात कोणाला?

२००४ मध्ये विक्रोळी, जून २०१५ मध्ये मालाडची मालवणी. मालवणीत १००हून अधिक माणसं गेली, तीही दारूत मिसळलेल्या मिथेनॉलने. झडप पैसेवाल्यांना मिळाली. पिंप मात्र वस्तीतच फुटलं.