गावचा बंब

आमच्या लहानपणी बंब म्हणजे न्हाणीतला, तांब्याचा, खाली ढलप्या घालून पाणी तापवायचा. आग विझवणाराही बंब असतो, हे शाळेच्या पुस्तकातल्या चित्रावरून कळलेलं.

गावात आग लागली की मारुतीच्या देवळातली घंटा न थांबता वाजायची. आरतीची वेगळी, ही वेगळी, अंथरुणातही कळायची. मग विहिरीपासून जळत्या घरापर्यंत माणसांची रांग. घागरी, बादल्या, डालड्याचे डबे हातोहात पुढे. दोघं-तिघं आकडी घेऊन शेजारच्या घराचं छप्पर ओढून काढायचे, कारण लागलेलं घर वाचत नसतं, पुढचं वाचवायचं असतं. म्हातारे ओरडायचे, "आरं, आधी दावी कापा! जनावरं सोडा!" त्या घटकेला कोण कुठल्या आळीचा हे कुणी बघायचं नाही, असं जुनी माणसं अभिमानानं सांगतात. आग खालच्या आळीला लागली तर रांग तेवढीच लांब व्हायची का, असं विचारलं की विषय बदलतात.

पुढं ऊस आला, साखर कारखाना आला. कारखान्याला स्वतःचा बंब असतो. पाचट पेटून फड जळाला तर नुकसान दोघांचं. एखाद्या घरासाठीही तो यायचा, पण ओळखीवर. नगरपालिकांना आग विझवण्याचं काम 1965च्या कायद्यानंच बांधून दिलेलं. आमची ग्रामपंचायत. गाव वाढलं, पत्र्याची दुकानं झाली, घरोघरी गॅस आला, तरी कागदावर खेडंच.

शेजाऱ्यांच्या गोठ्याची गोष्ट त्या काळातली. चैत्रातली दुपार, सुसाट वारं, गोठ्याला लागूनच कडब्याची गंज. घंटा वाजली, पण रांग लागेना. विहिरीवर मोटर बसलेली, रहाट कधीच मोडीत गेलेला, आणि भारनियमनामुळे लाईट नाही. पाणी खाली दिसत होतं, वर काढायला काही नव्हतं. तालुक्याला फोन केला, तर बंब दुसरीकडं गेलेला. तो आला पावणेदोन तासांनी. टाकीत साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं. ऐकायला पुष्कळ, पण दाबानं सोडलं की काही मिनिटांत संपतं. तो राख भिजवून गेला. दोन म्हशी आणि एक बैल गेला. बैलाला चोरीच्या भीतीनं साखळीनं बांधलेलं. दावं विळ्यानं तुटतं, साखळी तुटत नाही. कुलपाची किल्ली मालकाच्या खिशात, मालक बाजाराला. तो बैल कसा ओरडत होता हे मी इथं लिहीत नाही.

लोकांनी बंबाच्या ड्रायव्हरला शिव्या घातल्या, मीही घातल्या. त्याचा काय दोष होता? एक गाडी, आणि सबंध तालुका.

2015च्या आसपास राज्यात तालुक्याच्या, मोठ्या गावांच्या नगरपंचायती झाल्या, त्यात आम्हीही बसलो. घरपट्टी वाढली म्हणून मोर्चा निघाला, आणि काही वर्षांनी लाल गाडी आली तेव्हा त्याच लोकांनी नारळ फोडला. आता अडचण निराळी. ओटे-पायऱ्या रस्त्यावर आल्यात, जुन्या गल्लीत गाडी शिरत नाही. पोरं कोपऱ्यापासून पाईप ओढत नेतात. ही पोरं बहुतेक ठेक्यावरची. पगार दोन-दोन महिने थकतो, 101चा फोन मात्र थांबत नाही.

14 एप्रिलला ती गाडी धुऊन, हार घालून उभी करतात. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या बोटीला आग लागली. एकाच बोटीत कापसाच्या गठड्या आणि दारूगोळा! विझवायला गेलेले जवान तिथंच असताना स्फोट झाला. अग्निशमन दलाची 66 माणसं गेली. त्यांच्यासाठी आमची चार पोरं सकाळी टोप्या काढून दोन मिनिटं उभी राहतात. बघायला फारसं कुणी नसतं, कारण गाव जयंतीच्या तयारीत असतं. संध्याकाळी खालच्या आळीतून बाबासाहेबांची मिरवणूक निघते, फटाके उडतात, आणि कोपऱ्यावर बंब टाकी भरून उभा असतो. ड्रायव्हर त्याच आळीतला. मिरवणुकीत नाचायचं सोडून स्टिअरिंगवर बसलेला असतो.