गप्प विद्यार्थी आणि इब्ने खल्दून

आपल्याकडे गप्प बसणाऱ्या मुलाचं कौतुक होतं. "पोरगं फार शांत आहे" हे वाक्य पालकसभेत तक्रार म्हणून क्वचितच ऐकू येतं. उस्तादांपुढे तोंड न उघडणं म्हणजेच अदब, अशी आपली समजूत. सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वी इब्ने खल्दून या इतिहासकाराने या समजुतीला छेद दिला होता.

१३३२ साली ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्ने खल्दूनने १३७७ मध्ये, आजच्या अल्जीरियातल्या एका किल्ल्यात राहून 'मुकद्दमा' लिहिला. राज्यं का उभी राहतात आणि का कोसळतात, यासाठी हा ग्रंथ ओळखला जातो. पण त्याचा शेवटचा मोठा भाग विद्या आणि अध्यापन यांवर आहे, हे फारसं सांगितलं जात नाही.

त्यात तो मोरोक्कोतल्या मदरशांविषयी लिहितो. तिथले विद्यार्थी वर्षानुवर्षं दर्सला बसतात, पण बोलत नाहीत, चर्चेत उतरत नाहीत. गरजेपेक्षा जास्त पाठ करतात. पाठांतरात ते इतरांच्या पुढेच असतात. मात्र वाद घालायची किंवा शिकवायची वेळ आली की उघडे पडतात. त्यांच्यात 'मलका' तयार झालेली नसते. मलका म्हणजे सरावाने अंगात मुरलेलं कौशल्य. ती मिळवण्याचा सर्वात सोपा मार्ग तो सांगतो: विषयावर मोकळेपणाने बोलणं, चर्चा करणं.

त्याने आकडेही दिले आहेत. मोरोक्कोत मदरशात राहण्याची मुदत १६ वर्षं, तर ट्युनिसमध्ये ५. हा फरक तो मुलांच्या बुद्धीवर ढकलत नाही. कुर्तुबा आणि कैरवान ही विद्येची केंद्रं उजाड झाली आणि चांगल्या अध्यापनाची परंपरा तुटली, असं तो म्हणतो. ट्युनिसला मात्र इब्ने झैतून यांच्यासारख्यांनी पूर्वेकडे जाऊन शिकवण्याची रीत परत आणली होती.

आणखी एका प्रकरणात तो छडीबद्दल बोलतो. धाकात वाढलेलं मूल मनाने खचतं, आळशी होतं आणि मार चुकवण्यासाठी खोटं बोलायला शिकतं, असं त्याचं म्हणणं.

उर्दू-मराठीचा शिक्षक म्हणून मला हे फार जवळचं वाटतं. घरी उर्दू किंवा दखनी बोलणारं मूल मराठीच्या तासाला गप्प होतं. चुकीचा शब्द गेला तर वर्ग हसेल, ही त्याची भीती असते. आपण मात्र त्याला 'कच्चं' ठरवून मोकळे होतो. मी अशा मुलांना प्रश्न आधी शेजाऱ्याला विचारायला सांगतो, हव्या त्या भाषेत. मग दोघं मिळून तो मराठीत मांडतात. कुणी चिठ्ठीवर लिहून देतं. प्रश्न कितीही साधा असला तरी तो वर्गापुढे घ्यायचा आणि हसणाऱ्याला तिथेच थांबवायचं, एवढा नियम मी पाळतो.

पालकांना एक विनंती. मूल शाळेतून आलं की "आज काय पाठ केलं?" याच्याबरोबर "आज काय विचारलंस?" हेही विचारा.